रविवारची सागरी पक्षीनिरीक्षण फेरी : सदस्यांसाठी सूचना

नमस्कार मंडळी,
येत्या रविवारी सकाळी 6.30 वाजता मालवण जेटीवर जमायचे आहे. होडीने कुरटे बेटाला, म्हणजे सिंधुदुर्ग किल्ल्याला, बाहेरून वळसा घालू, उतरायचे नाही. दहाच्या आत परत, कारण त्यानंतर वारा वाढतो आणि होडी हलली की दुर्बीण स्थिर राहत नाही.

नोव्हेंबरात कुरव (गल) आणि सुरय (टर्न) हे समुद्रपक्षी पाहायला मिळतात. तपकिरी डोक्याच्या कुरवाची टोपी, म्हणजे डोक्यावरचा तपकिरी रंग, आता उतरलेली असते, डोळ्यामागे गडद ठिपका तेवढा उरतो. उडताना पंखांच्या काळ्या टोकांवरचे पांढरे डाग पाहा, तीच खरी खूण. समुद्रगरुडाचा हा विणीचा काळ. घरटे दिसल्यास लांबूनच पाहा, ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका.

• लाइफ जॅकेट सक्तीचे.
• कुरवांना शेव, गाठी, पाव काहीही घालायचे नाही. ही विनंती नव्हे, नियम आहे.
• डॉल्फिन दिसल्यास त्यांच्या मागे होडी न्यायला तांडेलाला (होडी चालवणाऱ्याला) सांगू नका.
• पाणी, टोपी, मळमळीची गोळी सोबत असू द्या.

हा परिसर 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, त्यामुळे कचरा परत आणायचाच.
नावे शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळवा. लहान मुलांसोबत पालक हवेतच.