बेपत्ता खलाशाच्या घरच्यांनी सात वर्षे थांबायचे?

महोदय,

जून-जुलैची मासेमारी बंदी उठली की दरवर्षी पापलेट-सुरमईच्या भावाच्या बातम्या येतात. ती मासळी आणणाऱ्या खलाशाची बातमी येते ती तो समुद्रात पडल्यावर. पुढे त्याच्या घराचे काय झाले, हे कोणी छापत नाही. भाऊच्या धक्क्यावर बोटींचे हिशेब लिहिण्यात माझी सारी नोकरी झाली, म्हणून हे पत्र.

बर्फ, डिझेल, पाणी भरून ट्रॉलर निघाला की दहा-पंधरा दिवस परतत नाही. जाळे तीन-चार तास ओढायचे, विंचने (दोर ओढणाऱ्या यंत्राने) वर घ्यायचे, मासळी निवडून बर्फात लावायची. तोवर पुढचे जाळे वर घ्यायची वेळ झालेली असते. झोप तुकड्या-तुकड्यांनी. शिंगाळा माशाचा काटा हातात घुसला तर चिंधी बांधून काम चालू. वादळाचा धोका सगळ्यांना ठाऊक आहे, २००९चे फयान कोळीवाडे विसरलेले नाहीत. पण वादळाची आता आगाऊ सूचना तरी मिळते. बऱ्याच बोटींवर संडास नसतो, याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. अपरात्री, अर्धवट झोपेत, एका हाताने दोर धरून माणूस बोटीच्या कडेला बसतो. लाट आली आणि हात सुटला, तर इंजिनाच्या आवाजात त्याची हाक कोणाला ऐकू जाणार? सकाळच्या चहाला एक जण कमी भरतो, तेव्हा कळते. लाइफ जॅकेट केबिनमध्ये टांगलेले असते, कारण ते घालून जाळे आवरत नाही.

खरी परवड यानंतरची. मृतदेह मिळाला नाही की माणूस कागदोपत्री ‘बेपत्ता’. सात वर्षे ज्याची काहीच खबर नाही त्याला मृत मानण्याची तरतूद जुन्या पुरावा कायद्यात होती, २०२३च्या नव्या कायद्यातही आहे. तोवर मृत्यूचा दाखला मागायला गेलेल्या बायकोच्या चपला झिजतात. मग केंद्राच्या मत्स्यसंपदा योजनेतल्या विम्याचे पाच लाख असोत की बँकेतली शिल्लक, सगळे त्या दाखल्यावर अडते. २०१३च्या केदारनाथ प्रलयानंतर आणि २०२१च्या चमोली दुर्घटनेनंतर बेपत्ता माणसांसाठी सात वर्षांची अट बाजूला ठेवली गेली. तिथे माणसे एकाच वेळी गेली, इथे एकेक करून जातात, एवढाच फरक. तांडेल (बोटीचा प्रमुख) आणि सोबतचे खलाशी यांचे जबाब, तटरक्षक दलाने शोध थांबवल्याचा अहवाल आणि पोलिसांची नोंद, एवढ्यावर सहा महिन्यांत दाखला द्यायला काय हरकत आहे?

आणखी एक गोष्ट मी स्वतः पाहिली आहे. ऐनवेळी एखादा आजारी पडतो, धक्क्यावरचा दुसरा कोणी बोटीवर चढतो, यादीत नाव मात्र पहिल्याचेच राहते. असा माणूस बुडाला तर तो बोटीवर होता हेच आधी सिद्ध करावे लागते. मालकाला यादी बदलायचा कंटाळा, आणि तपासणाराही डोकी मोजून मोकळा होतो. त्यात आता बोटींवर उत्तर प्रदेश, झारखंड, नेपाळची मुले पुष्कळ. त्यातले बरेच कुठल्याच मच्छीमार सोसायटीचे सभासद नसतात.

बंदीच्या काळात बोटी किनाऱ्यावर असतात, पण ही मुले तेव्हा गावी गेलेली असतात. म्हणून खलाशांची नोंदणी आणि विमा यांची शिबिरे जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, ती परतू लागतात तेव्हा, ससून डॉक आणि भाऊच्या धक्क्यावरच घ्यावीत, आणि अर्ज हिंदीतही ठेवावेत.

– एक वाचक, माझगाव, मुंबई