गच्चीवरील गॅस बार्बेक्यूबाबत सूचना

सर्व सभासदांना नमस्कार. थंडी पडली, गच्चीवर हुरड्यासोबत बार्बेक्यूही सुरू होईल. नागपूरचा उन्हाळा आणि पावसाळा बंद पडून राहिलेला बार्बेक्यू थेट पेटवू नका.

आधी बर्नरच्या नळ्या काढून बघा. त्यात कोळी जाळं करतो. मग गॅस पुढे न जाता मागे, नॉबजवळ पेटतो. पातळ लांब ब्रशने नळी आरपार साफ करा. ज्योत निळी हवी. पिवळी, लांब असेल तर हवा नीट मिसळत नाही. ४५ अंशांच्या उन्हात रबर कडक होतं. पाइप वाकवून बघा, भेग दिसली की बदला. आयएसआय खुणेचा सुरक्षा पाइपच घ्या. मग बर्नर बंद ठेवून सिलिंडर उघडा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी लावून तपासणं साफ बंद!

पेटवताना झाकण उघडंच हवं. पाच सेकंदांत पेटलं नाही तर गॅस बंद करून पाच मिनिटं थांबा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो. म्हणूनच बंद बाल्कनीत किंवा जिन्याखाली बार्बेक्यू लावायची परवानगी नाही. सिलिंडर उभाच ठेवा.

चरबीचा ट्रे दरवेळी रिकामा करा. चरबी पेटली तर पाणी ओतू नका, गॅस बंद करा. गळतीसाठी हेल्पलाइन: १९०६.

– व्यवस्थापन समिती