अडकलेला सेल लगेच बाद ठरवू नका

संपादक महोदय,

हाफ्नियम ऑक्साइडसारख्या धातूच्या ऑक्साइडवर चालणाऱ्या रोधबदल मेमरीतला (विद्युतरोध कमी-जास्त करून माहिती साठवणाऱ्या मेमरीतला) सेल एकाच रोधावर अडकला, की तो सरसकट बाद ठरवला जातो. ही घाई चुकीची आहे. आधी ०.१ ते ०.२ व्होल्टवर त्याचा रोध वाचावा.

रोध कमीच राहत असेल, तर ऑक्साइडमधल्या ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांचा, प्रवाह वाहून नेणारा तंतू जाड झालेला असतो आणि नेहमीच्या रिसेट पल्सने (रोध वाढवणाऱ्या विद्युत झटक्याने) तो तुटत नाही. तंतू तोडायला प्रवाह लागतो, म्हणून सेलशी जोडलेल्या, प्रवाह नियंत्रित करणाऱ्या ट्रान्झिस्टरचे गेट व्होल्टेज वाढवावे. मग रिसेट व्होल्टेज ०.१ व्होल्टच्या पायऱ्यांनी चढवावे, प्रत्येक पल्सनंतर रोध वाचावा आणि तो वर सरकताच थांबावे. एकदम मोठी पल्स दिली तर उलट दिशेने ऑक्साइडचे ब्रेकडाउन होऊन सेल खरोखरच हातचा जातो.

जास्त रोधात अडकलेल्या सेलला सेटची (रोध कमी करणारी) जरा जोरदार पल्स द्यावी, पण प्रवाह मर्यादित ठेवूनच. ही मर्यादा नुसती मोजणीयंत्रावर ठेवून भागत नाही. सेटच्या क्षणी केबलच्या धारकतेतला विद्युतभार सेलमध्ये ओतला जातो आणि तंतू पुन्हा जाडच बनतो. मर्यादा सेललगतच्या ट्रान्झिस्टरनेच घालावी.

इलेक्ट्रोडचा धातू ऑक्साइडमध्ये शिरला असेल, तर मात्र सहसा इलाज चालत नाही.

– एक वाचक