सर्व्हरच्या डिस्कांची विचारपूस तालुक्यातच व्हावी

मा. संपादक, 'वाचकांची पत्रे' यांस,

महोदय,

ग्रामीण भागातील पतसंस्था, बाजार समित्या आणि महाविद्यालये यांच्या संगणकीकरणाविषयी आपल्या दैनिकात वेळोवेळी वाचायला मिळते. मात्र ही चर्चा बहुधा यंत्रखरेदीपाशी आणि फीत कापण्यापाशी थांबते. यवतमाळ जिल्ह्यातील अशा काही संस्थांच्या सर्व्हरची देखभाल मी करतो. त्या अनुभवावरून एका नेमक्या बाबीकडे लक्ष वेधू इच्छितो. या सर्व्हरमध्ये 'रेड' पद्धतीने जोडलेल्या हार्ड डिस्क असतात, त्यांच्यावर एक कंट्रोलर कार्ड देखरेख करते आणि त्या कार्डाला कमांड लाइनवरून, म्हणजे मजकुरी आज्ञा टाइप करून, चार प्रश्न विचारता येतील असा माणूस तालुक्याच्या ठिकाणी जवळपास कुठेही नसतो.

रेडची कल्पना जुनी आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली ती शोधनिबंधातून मांडली. अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडाव्यात आणि त्यांतली एखादी गेली तरी काम चालू राहावे, असा तिचा गाभा. आपल्याकडे सर्वाधिक आढळतो तो रेड-५ : चार टेराबाइटच्या चार डिस्क बसवल्या, तर वापरायला बारा टेराबाइट मिळतात आणि एक डिस्क निकामी झाली तरी खातेदाराला पत्ताही लागत नाही. खरी अडचण या पत्ता न लागण्यातूनच सुरू होते. पहिली डिस्क गेल्यावर सर्व्हर तसाच चालू राहतो, पावत्या निघतात, व्याजाची आकारणी होते, आणि दुसरी डिस्क जाईपर्यंत कुणी तिकडे फिरकत नाही. दुसरी गेली की मात्र सगळा संच एकदम आडवा होतो.

कंट्रोलर आपल्या परीने सांगत असतो. डिस्क गेली की कार्डावरील भोंगा वाजू लागतो. एका संस्थेत, तिचे नाव येथे घेण्याचे कारण नाही, मला सर्वप्रथम सांगण्यात आले ते एवढेच : "भाऊ, थो आवाज पयले बंद करा." तो आवाज यापूर्वीही कुणीतरी बंद करून दिला होता, एवढे सर्व्हरच्या नोंदींवरून दिसत होते. येथे एक बारकावा आहे. भोंग्याला 'सायलेन्स' अशी आज्ञा दिली तर तो त्या वेळेपुरता गप्प होतो आणि पुढचा बिघाड झाला की पुन्हा वाजतो. 'ऑफ' अशी आज्ञा दिली तर तो कायमचा मुका होतो. देखभालीसाठी येणाऱ्या मुलाला हा फरक ठाऊक नसेल, तर पुढची सूचना कुणाच्याही कानावर पडणार नाही.

कमांड लाइनचा आग्रह धरण्यामागे आपल्या भागापुरती व्यावहारिक कारणे आहेत. सर्व्हर बंद करून सुरू होताना कंट्रोलरच्या पडद्यात शिरता येते, पण त्यासाठी भर कामकाजात यंत्र बंद ठेवावे लागते आणि आधीच अशक्त झालेला संच बंद-चालू करणे धोक्याचे असते. खिडक्या-बटणांचा प्रोग्राम दुरून चालवायचा, तर त्याला चांगले इंटरनेट हवे. ते आमच्याकडे पावसाळ्यात तासन्‌तास नसते. मजकुरी आज्ञा मात्र अगदी क्षीण जोडणीवरही पोहोचतात, आणि जोडणीच नसेल तर नागपूरहून फोनवर सांगून टाइप करून घेता येतात.

एलएसआय या कंपनीच्या घराण्यातील कार्डे आपल्याकडे बरीच आहेत. ही कंपनी २०१४ साली अवागोने घेतली आणि अवागोनेच पुढे ब्रॉडकॉम हे नाव धारण केले. या कार्डांसाठी पूर्वी मेगासीएलआय नावाचे साधन होते, आता स्टोअरसीएलआय आहे. डेलच्या सर्व्हरवर हेच पर्कसीएलआय या नावाने मिळते, एचपीच्या सर्व्हरवर एसएसएसीएलआय आणि अॅडॅप्टेकच्या कार्डांसाठी आर्ककॉन्फ. विंडोज असो की लिनक्स, ही साधने दोन्हीकडे चालतात. फोनवर सांगायचे ते असे : 'स्टोअर' या शब्दातील शेवटचा ई गाळून त्याला सीएलआय जोडा, पुढे चौसष्टचा आकडा, मग स्पेस, स्लॅश, सी, शून्य, पुन्हा स्पेस आणि 'शो'. एंटर दाबले की पडद्यावर काही तक्ते येतात, त्यांतले दोन आपल्या कामाचे. एकात संचाची अवस्था : 'ओपीटीएल' म्हणजे ठीक, 'डीजीआरडी' म्हणजे एक डिस्क गमावून चालू असलेला. दुसऱ्यात एकेका डिस्कची ओळ : कामावर असलेली 'ओएनएलएन', नव्याने भरली जात असलेली 'आरबीएलडी', राखीव ठेवलेली 'डीएचएस' किंवा 'जीएचएस'. एवढे वाचायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. पतसंस्थेत रोज संध्याकाळी रोख शिल्लक मोजून कीर्दीशी जुळवल्याशिवाय कुणी घरी जात नाही, त्याच शिस्तीत ही ओळ रोज सकाळी पाहिली जावी, इतकेच माझे म्हणणे आहे.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे प्रत्येक डिस्कचा सविस्तर अहवाल. त्यात 'मीडिया एरर', 'अदर एरर' आणि 'प्रेडिक्टिव्ह फेल्युअर' (डिस्क लवकरच निकामी होईल असा इशारा) असे तीन आकडे असतात आणि डिस्कचे तापमानही असते. 'अदर एरर' वाढत असेल तर पुष्कळदा दोष केबलचा, जोडणीचा किंवा वीजपुरवठ्याचा निघतो आणि चांगली डिस्क विनाकारण भंगारात जाते. 'मीडिया एरर' वाढू लागला, तर पृष्ठभागच खराब होत आहे असे समजावे. तापमानाचा आकडा तर विदर्भात डोळ्यांआड करण्यासारखा नाहीच. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो, आणि बहुतेक सर्व्हर पस्तीस अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेले असतात. कूलर खिडकीत लावून दमट हवा थेट सर्व्हरवर सोडण्याची आपल्याकडची रीत तर मला उन्हापेक्षाही जास्त भयावह वाटते.

डिस्क बदलण्याची वेळ हा सर्वांत नाजूक प्रसंग. कंट्रोलर खणांची मोजणी शून्यापासून करतो. तक्त्यात 'स्लॉट ३' ची डिस्क बिघडली असे आले, की डावीकडून तिसरा खण ओढणारा माणूस चांगली डिस्क बाहेर काढतो आणि अगोदरच एका डिस्कवाचून चाललेला संच त्याच क्षणी कोसळतो. त्यावर सोपा उपाय आहे. 'स्लॅश सी-शून्य, स्लॅश ई-२५२, स्लॅश एस-३, स्टार्ट लोकेट' अशी आज्ञा दिली, की त्या खणावरील दिवा लुकलुकू लागतो. यातील २५२ हा डिस्कच्या खणांच्या पेटीचा (एन्क्लोजरचा) क्रमांक ज्याच्या त्याच्या सर्व्हरवर वेगळा असू शकतो, तो आधी तक्त्यात पाहून घ्यावा. दिवा दिसल्यावरही तक्त्यातील सिरियल क्रमांक डिस्कवरील चिठ्ठीशी ताडून पाहावा. नवी डिस्क बसवल्यावर भरणी किती टक्के झाली आणि अंदाजे किती वेळ उरला, हेही 'शो रिबिल्ड' ने कळते.

या भरणीत संचातील उरलेल्या सर्व डिस्क आरंभापासून अखेरपर्यंत वाचाव्या लागतात. वरच्या उदाहरणात ते वाचन बारा टेराबाइटचे होते. घरगुती वापराच्या डिस्कच्या माहितीपत्रकात दहाच्या चौदाव्या घाताइतक्या बिटांमागे, म्हणजे सुमारे साडेबारा टेराबाइटमागे, न वाचता येणारी एक चूक गृहीत धरलेली असते. प्रत्यक्षात डिस्क याहून बऱ्या निघतात हे खरे, पण ज्या दिवशी दुसरा आधारच उरलेला नाही त्या दिवशी नशिबावर हवाला ठेवू नये. म्हणूनच 'पॅट्रोल रीड' नावाची, डिस्क आधीच वाचून दोष शोधणारी पार्श्वभूमीवरील तपासणी चालू आहे ना, हे विचारले पाहिजे. या कार्डांवर ती सहसा दर १६८ तासांनी, म्हणजे आठवड्यातून एकदा आपोआप होते, पण सर्व्हर मंद चालतो या तक्रारीवरून ती बंद करून ठेवलेली मी पाहिली आहे. मोठ्या डिस्क घेणाऱ्यांनी दोन डिस्क गेल्या तरी तगणारा रेड-६ घ्यावा. एका डिस्कची किंमत वाचवण्यात शहाणपण नाही.

मंद चालण्याची तक्रार खरी असते, पण तिचे कारण पुष्कळदा बॅटरीत असते. कार्डावरील स्मृतीला बॅटरीचा किंवा सुपरकपॅसिटरचा आधार असतो. तो असेपर्यंत 'राइट-बॅक' पद्धतीने, म्हणजे नोंद आधी या स्मृतीत घेऊन मग डिस्कवर उतरवत, लेखन झपाट्याने होते. आधार संपला की कार्ड सुरक्षिततेसाठी 'राइट-थ्रू' वर, म्हणजे प्रत्येक नोंद थेट डिस्कवर लिहिण्यावर, येते आणि सारे काम रेंगाळते. अशा वेळी वेग परत यावा म्हणून राइट-बॅक सक्तीने चालू करून देणारे महाभाग आहेत. भारनियमनाच्या प्रदेशात, त्यातही यूपीएसची बॅटरी फुगलेली असताना, याचा अर्थ वीज जाताच शेवटच्या नोंदी गेल्या असा होतो.

आणखी एक आज्ञा अशी आहे की जी येत नसलेलीच बरी. कार्ड जळाले आणि नवे बसवले, की जुन्या डिस्क 'फॉरेन', म्हणजे परक्या, म्हणून दिसतात. त्यांची जुनी मांडणी आत घेण्यासाठी 'इम्पोर्ट' आहे आणि ती पुसण्यासाठी 'डिलीट' आहे. घाईत दुसरी दिली आणि वर नवा संच तयार करून इनिशियलाइज, म्हणजे कोरा, केला, की वर्षांची खतावणी गेली. 'इम्पोर्ट प्रिव्ह्यू' ने आधी पाहून घेता येते, आणि आधी विचारण्याची ही सवय लावण्यासाठीच प्रशिक्षण हवे.

प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी केंद्राने जून २०२२ मध्ये २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली आणि त्यांचा कारभार सामाईक प्रणालीवर जात आहे. ते योग्यच आहे. परंतु बिगरकृषी पतसंस्था, जिनिंग कारखाने, शाळा-महाविद्यालये यांचे सर्व्हर गावातच राहणार आहेत. एमएस-सीआयटी झालेली मुले घरोघरी आहेत, आयटीआयमधून 'कोपा' हा संगणक चालकाचा अभ्यासक्रम करून बाहेर पडणारीही आहेत. माझ्याकडे कामाला येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी रेड हा शब्द ऐकलेला असतो, पण बिघडलेला संच हाताळलेला नसतो. जुन्या सर्व्हरवर मुद्दाम एक डिस्क काढून ती पुन्हा भरून दाखवण्याचा सराव आयटीआय आणि तंत्रनिकेतनांना फारशा खर्चाशिवाय देता येईल. कार्ड नसेल तर लिनक्सच्या एमडीएडीएम साधनाने साध्या डिस्कांवरही तो होतो.

संस्थांच्या संचालकांना माझी विनंती आहे की, वार्षिक देखभाल करारात एक अट घालावी : दरमहा या आज्ञांना कार्डाने दिलेल्या उत्तरांचा संपूर्ण मजकूर फाइलमध्ये साठवून मासिक सभेपुढे ठेवला जाईल, आणि तो लेखापरीक्षकालाही दाखवला जाईल. सर्व्हरचा प्रशासकीय पासवर्ड पुरवठादाराकडेच न ठेवता सीलबंद पाकिटात संस्थेच्या तिजोरीत असावा. त्याच क्षमतेची एक डिस्क राखीव म्हणून संचातच बसवावी, कारण पीककर्जाच्या दिवसांत नागपूरहून डिस्क येईपर्यंत थांबणे परवडत नाही. आणि रेड आहे म्हणून रोजचा बॅकअप बंद करू नये. चुकून पुसलेले खाते रेडमधील सर्व डिस्कांवरून एकाच वेळी पुसले जाते, तेव्हा बॅकअपची प्रत इमारतीबाहेर, शक्यतो दुसऱ्या गावी असावी.

आपल्या सहकार विषयक पुरवणीत या आज्ञांचा एखादा तक्ता छापता आला, तर तो कापून सर्व्हरच्या खोलीत चिकटवणारे वाचक आमच्या तालुक्यात निश्चित आहेत. तसा तक्ता तयार करून देण्यास मी तयार आहे.

आपला,
एक संगणक देखभालकार,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ