मारियेच्या माथी मारलेलं पाप

संपादक महोदय,

आपल्या ईस्टर पुरवणीतील लेखात माग्दालाच्या मारियेचा उल्लेख ‘येशूने उद्धारलेली वेश्या’ असा झाला आहे. लेखकांना मी दोष देत नाही. आम्हा ख्रिस्ती माणसांच्याच तोंडी हे इतकं बसलंय, की इतरांनी वेगळं कुठून लिहावं? पण बायबलमध्ये असं कुठेही म्हटलेलं नाही, म्हणून हे पत्र.

लूकच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे बायबलमधल्या चार येशूचरित्रांपैकी एकाच्या, आठव्या अध्यायात मारिया पहिल्यांदा भेटते. तिच्यातून सात भुतं निघाली होती, आणि हेरोदाच्या कारभाऱ्याची बायको योहान्ना, सुसान्ना अशा बायकांबरोबर ती पदरचे पैसे घालून येशूची आणि बारा शिष्यांची सोय बघत होती. एवढंच. पुढच्याच अध्यायात एक बाप भुताने पछाडलेल्या आपल्या मुलाला येशूकडे आणतो. त्या मुलाला कोणी दुराचारी म्हणत नाही, आजारीच समजतात. मग बाईला भूत लागलं की ती बदफैली, हे कुठून आलं?

आलं रोमहून. इ. स. 591 मध्ये पोप पहिले ग्रेगरी यांनी एका प्रवचनात तीन स्त्रियांची एकच करून टाकली. येशूचे पाय आसवांनी भिजवणारी पापी स्त्री, जिचं लूकने नावही दिलेलं नाही. लाजरसची बहीण, बेथानीची मारिया. आणि ही माग्दालाची. सात भुतं म्हणजे सगळे दुर्गुण, हेही त्यांचंच. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने ही सरमिसळ कधी मानली नाही. आपल्याकडे मात्र व्यभिचारात सापडलेली, दगड मारायला उभी केलेली योहानच्या शुभवर्तमानातली स्त्रीही मारियाच ठरली. तीसुद्धा मुळात निनावीच आहे.

वसईत मी धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. आमच्या भागात पवित्र आठवड्यात येशूच्या दुःखसहनाचं नाटक बसवतात. यंदा माझ्या वर्गातली नववीतली मुलगी मारिया झाली होती. लाल साडी, मोकळे केस, हातभर बांगड्या, आणि भोवती थर्माकोलचे दगड घेतलेली पोरं. तालमीनंतर तिने विचारलं, “टीचर, हिने नेमकं काय केलं होतं?” मी तिच्या हातात बायबल दिलं आणि चारही शुभवर्तमानांत मारियेचं नाव शोधायला सांगितलं. मुलीने तिथेच बाकावर बसून सगळे उतारे वाचले. पाप तिला कुठेच सापडलं नाही. सापडलं ते असं, की शिष्य पळून गेल्यावर ही क्रुसापाशी उभी होती, आणि रविवारी पहाटे कबरीकडे गेलेल्यांत चौघांनीही हिचं नाव लिहिलंय. येशू मरणातून उठल्याचं बायकांनी येऊन सांगितलं तेव्हा प्रेषितांना, म्हणजे येशूच्या निवडक शिष्यांना, ती वायफळ बडबड वाटली, हे लूकनेच नोंदवलंय.

वेश्येचा विटाळ मानून मी हे लिहीत नाही. मत्तयने दिलेल्या येशूच्या वंशावळीतच राहाब आहे, आणि यरीहोची राहाब वेश्या होती हे जुना करार स्पष्ट सांगतो. तिथे लपवाछपवी नाही. माझं म्हणणं इतकंच, की जिने पुनरुत्थानाची पहिली बातमी आणली तिची ओळख पुसून तिथे न केलेलं पाप लिहिलं गेलं, आणि शतकानुशतकं आमच्या मुली तेच ऐकत मोठ्या झाल्या.

चर्चने हे सुधारलंही आहे. 1969 च्या नव्या दिनदर्शिकेनंतर 22 जुलैला, तिच्या दिवशी, त्या पापी स्त्रीचा उतारा वाचत नाहीत. कबरीबाहेर तिला उठलेला येशू भेटतो, तो योहानचा विसावा अध्याय वाचतात. 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्या दिवसाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला. तिला ‘प्रेषितांची प्रेषित’ म्हणतात, तेही जुन्या काळापासून. वेदीवरून वाचलं जातं ते एक आणि मंचावर दिसतं ते दुसरं, हे कुठवर चालायचं?

पुढच्या पुरवणीत दोन ओळींची दुरुस्ती छापावी, ही आपल्याला विनंती. धर्मगुरूंना विनंती, की येत्या 22 जुलैच्या प्रवचनात हे लोकांना उघड सांगावं. आणि नाटक बसवणाऱ्यांनी पुढच्या वर्षी दगडांचा प्रवेश निनावी स्त्रीला द्यावा. मारियेसाठी कबरीबाहेरचा संवाद योहानने लिहूनच ठेवलाय, तो तिला बोलू द्यावा.

– एक धर्मशिक्षिका, वसई