मधुमेहींसाठी चप्पल हाही उपचारच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मधुमेहाने पाय बधिर झालेल्या ज्येष्ठांसाठी तळव्यांचे तापमान टिपणाऱ्या चटया, संवेदक बसवलेले मोजे आणि दाब नोंदवणारी पादत्राणे यांविषयी अलीकडे बरेच छापून येते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत, तेव्हा या साधनांचे स्वागतच करायला हवे. ती कुणाच्या घरी पोहोचणार, याची चर्चा मात्र फारशी होत नाही.

बधिर पायाचा माणूस चपलेत खडा अडकला तरी तसाच चालत राहतो. चप्पल पायातून निसटून मागे राहिली, हेदेखील कुणीतरी सांगितल्यावर त्याला कळते. एकाच जागी दाब पडत राहिला की आतून सूज धरते आणि कातडी फुटण्याआधी ती जागा गरम होऊ लागते. दोन्ही तळव्यांच्या त्याच त्या जागेच्या तापमानात सलग दोन दिवस २.२ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक फरक दिसला, तर चालणे कमी करून डॉक्टरांना पाय दाखवावा, हा निकष अमेरिकेतील अभ्यासांतून रुळला आणि या चटया त्यावरच बेतलेल्या आहेत. ज्यांना गुडघेदुखीमुळे वाकून तळवा पाहता येत नाही, ज्यांना मोतीबिंदूमुळे भेग कोणती आणि जखम कोणती हे उमगत नाही, त्यांना नुसते चटईवर उभे राहायचे असते. ही सोय लहान नाही. अर्थात एक पाय आधीच गमावलेल्यांना तुलनेसाठी दुसरा तळवा नसतो, आणि रक्तपुरवठा कमी झालेल्या पायाच्या बाबतीत हे आकडे फसवूही शकतात. शिवाय चटईने दिलेला इशारा मोबाइलवर येतो. मुलगा पुण्यात आणि आईवडील गावी अशा घरात तो पाहणार कोण?

म्हणून तंत्रज्ञान घराआधी आरोग्य केंद्रात आणावे, असे मला वाटते. १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू, म्हणजेच मोनोफिलामेंट, तळव्याला टेकवून बधिरता तपासायला ना वीज लागते ना इंटरनेट. करोनाकाळात घेतलेले आणि आता कपाटात पडून असलेले इन्फ्रारेड तापमापकही, त्यांत पृष्ठभागाचे तापमान मोजण्याची सोय असेल तर, दोन्ही तळव्यांतला फरक पाहायला उपयोगी पडू शकतील. आशा सेविकांना त्याचे नीट प्रशिक्षण आणि त्या कामाचा वेगळा मोबदला मात्र द्यावा लागेल.

खरी उणीव आहे ती पादत्राणांची. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने कर्नाटकातील अंतःस्राव संशोधन संस्थेच्या साथीने त्रिमितीय छपाईच्या सँडल विकसित केल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले. त्यांच्या तळातील कमानी ठरावीक मर्यादेपलीकडे दाब आला की उलट वळतात आणि भार शेजारच्या भागावर जातो. कल्पना सुंदर आहे. पण त्याहून कितीतरी जुनी, मऊ सूक्ष्मछिद्री रबराची म्हणजे ‘एमसीआर’ची चप्पल आपल्याकडे कुष्ठरुग्णांसाठी वापरात आहे आणि राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमातून ती मोफत दिली जाते. बधिर तळव्याला लागणारे संरक्षण रोग बदलला म्हणून बदलत नाही, तरीही मधुमेहीला ती स्वखर्चाने शोधत फिरावे लागते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. म्हणजे पाय चिघळल्यावर सरकार धावून येते आणि चिघळू नये म्हणून लागणारी चप्पल मात्र रुग्णाची खासगी बाब ठरते. हा हिशेब मला तरी उलटा वाटतो.

आरोग्य विभागाने टाचेमागे पट्टा असलेली एमसीआर चप्पल मधुमेहींनाही मोफत द्यावी, अशी विनंती आहे. सर्वांना एकदम देणे शक्य नसेल, तर साठीपुढच्या आणि मोनोफिलामेंट चाचणीत बधिरता आढळलेल्या रुग्णांपासून सुरुवात करता येईल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, सातारा