वृद्धाश्रमांची तपासणी कोण करणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ग्रामीण रुग्णालयात परिचारिका म्हणून माझी सगळी नोकरी झाली. आता चोपड्यात असते. आमच्या गल्लीतल्या जिजींना मुलांनी गेल्या वर्षी एका खासगी वृद्धाश्रमात ठेवले. एक मुलगा सुरतेला, दुसरा पुण्याला. पैसे वेळेवर पाठवतात, त्यांना मी नावे ठेवणार नाही. भेटायला गेले तेव्हा सवयीने जिजींना कुशीवर वळवले. माकडहाडावर रुपयाएवढी जखम, कडा काळ्या पडलेल्या, वर पावडर भुरभुरलेली.

अशी जखम एका रात्रीत होत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर 2 तासांनी बदलावी लागते. नाही बदलली तर हाडावरच्या कातडीचा रक्तपुरवठा दबतो. आधी लाली येते, मग साल निघते, मग जखम आत शिरते. त्यात आपला 45 अंशांचा उन्हाळा, डोक्यावर पत्रा आणि बदलायला उशीर झालेला डायपर. लाली असतानाच कोणाच्या नजरेस पडली तर पुढचे सगळे टळते. पण तिथे वीसेक म्हाताऱ्या माणसांमागे रात्री एकच मुलगी, आणि तिला हे कोणी शिकवलेलेही नाही. त्या पोरीला मी बोल लावत नाही.

2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान 150 जणांचा वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने उभारण्याची तरतूद आहे. पोटगीसाठी प्रांताधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. खासगी वृद्धाश्रमाची नोंदणी मात्र या कायद्याने सक्तीची केलेली नाही. ती सक्ती आणणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडले गेले, आणि 2024 मध्ये लोकसभेची मुदत संपताच तेही बारगळले. आपल्याकडे साधे भरीत-भाकरीचे हॉटेल टाकायचे तरी अन्न परवाना काढावा लागतो!

अनुदान घेणाऱ्या संस्थेला निदान सरकारला हिशेब द्यावा लागतो. मुलांच्या पैशावर चालणाऱ्या घराच्या दारात कोण जातो? आणि ज्यांची मुले पैसे पाठवत नाहीत त्यांचे काय, हाही प्रश्न आहेच. श्रावणबाळ योजनेच्या महिना 1,500 रुपयांत औषधे आणि डायपरच निघत नाहीत, तिथे राहणे-खाणे कुठले?

विधेयक पुन्हा येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या जिल्हाधिकाऱ्यांनी आपापल्या जिल्ह्यातील वृद्धाश्रमांची यादी करून ती जाहीर करावी. समाजकल्याण खात्याचा अधिकारी, सरकारी डॉक्टर आणि एक परिचारिका यांनी आगाऊ न कळवता तिथे जावे. कार्यालयात चहा घेऊन, रजिस्टरवर सही करून परत येऊ नये. चादर बाजूला करून पाठ आणि टाचा बघाव्यात, वजनाची नोंद मागावी, औषधे कोण देते ते विचारावे, रात्री कोण असते तेही. काळजीवाहू मुलींना जिल्हा रुग्णालयात आठवडाभर शिकवले तरी पुष्कळ फरक पडेल.

पहिली फेरी एप्रिल संपण्याआधी व्हावी. परिचारिका कमी पडत असतील तर आम्ही निवृत्त झालेल्या बऱ्याच जणी या भागात आहोत. मला बोलावले तर मी मानधन न घेता येईन, आणि बाकीच्यांनाही विचारीन.

– एक निवृत्त परिचारिका, चोपडा (जि. जळगाव)